रायफलच्या चाचण्या आणि पुंगळ्यांची पिशवी: माझा अनुभव

असॉल्ट रायफलच्या चाचणीत पहिल्या दिवशी सगळ्यांची नजर टार्गेटवर असते. माझीही होती. दोन-चार मॅगझिनं रिकामी झाली की कळतं, अचूकता ही त्यातल्या त्यात सोपी बाब. बॅरल चांगली असेल तर गोळ्या जवळजवळ पडतातच. बाकीचा वेळ जातो जमिनीवरच्या पुंगळ्या, म्हणजे झाडलेल्या काडतुसांची रिकामी कवचं, वेचण्यात.

५.५६ × ४५ मिमीच्या काडतुसात दाब ४,००० बारच्या आसपास चढतो. त्या दाबाने पितळी पुंगळी फुगून चेंबरच्या, म्हणजे बॅरलच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेच्या, भिंतीला गच्च बसते, दाब उतरला की किंचित आक्रसते. चेंबर मागून बंद करणाऱ्या बोल्टचं कुलूप उघडायचं ते ती आक्रसल्यावर. आधी उघडलं तर एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी बाहेर खेचणारा आकडा) पुंगळीची कड ओरबाडतो, किंवा पकड सुटून रिकामाच मागे येतो. मिनिटाला सहा-सातशे गोळ्यांच्या वेगात हा सगळा खेळ सेकंदाच्या दहाव्या भागात उरकायचा असतो. म्हणून एके-४७ मध्ये गॅसच्या जोराने मागे जाणाऱ्या पिस्टनला जोडलेला, बोल्ट वाहून नेणारा कॅरियर आधी थोडा नुसताच मागे सरकतो आणि मग बोल्ट फिरवतो. शिवाय तिची पुंगळी निमुळती, जरा हलली की भिंतीपासून सुटते. तिच्या मॅगझिनचा बाक याच निमुळतेपणाचा, शोभेचा नव्हे.

रायफल अडकली की हात आपोआप बोल्ट मागे ओढायच्या मुठीकडे, कॉकिंग हँडलकडे जातो. लढाईत तेच करावं, चाचणीत मात्र पुरावा जातो. नळी टार्गेटकडेच, बोट चापाबाहेर, इजेक्शन पोर्टचा (पुंगळी बाहेर पडते त्या खिडकीचा) फोटो, मग मॅगझिन काढणं, हा क्रम. अपवाद एकच: बॅरल खूप तापलेली असून चेंबरात जिवंत गोळी असेल, तर फोटो विसरा. नुसत्या उष्णतेने ती सुटू शकते.

वहीत रायफल क्रमांक, एकूण झाडलेल्या गोळ्या, काडतुसांचा लॉट, शेवटची सफाई, मॅगझिनचा क्रमांक आणि त्यातली कितवी गोळी, एवढं लिहायचं. मॅगझिनच्या क्रमांकाचा कंटाळा करू नये. रायफलच्या माथी मारलेले कितीतरी दोष एकाच मॅगझिनचे निघतात: लिप्स (गोळी धरून ठेवणाऱ्या तोंडाच्या कडा) पसरलेल्या, नाहीतर स्प्रिंग दमलेली. पुढची गोळी वर चढायच्या आत बोल्ट तिच्यावरून निघून जातो आणि चेंबर रिकामा राहतो. अडकलेल्या वेळची पुंगळी वेगळ्या पिशवीत, वहीतल्या नोंदीचा नंबर टाकून. कडेवरचा ओरखडा भिंगाखाली पाहिला की अर्धं निदान तिथेच होतं.

अडचण दिसली की "गॅस वाढवा", म्हणजे बोल्ट मागे ढकलायला नळीतला गॅस जास्त घ्या, हा सल्ला हमखास मिळतो. रायफल काजळीने मंदावली असेल तर तो बरोबर. पण गॅस वाढला की कुलूप लवकर उघडतं, बोल्ट जास्त वेगाने धावतो, आणि वरचे दोन्ही दोष आपणच ओढवून घेतो. व्हिएतनाम युद्धात अमेरिकेच्या एम-१६ रायफलची गत काहीशी अशीच झाली. काडतुसातल्या दारूचा प्रकार बदलला, फायरिंगचा वेग आणि काजळी वाढली. चेंबरला क्रोम नव्हतं, दमट हवेत तो गंजायचा, आणि सफाईचं साहित्य सैनिकांकडे पुरेसं नव्हतं. रुतलेली पुंगळी नळीच्या तोंडातून गज घालून ढकलावी लागे. इलाजही एका भागाचा नव्हता: चेंबरला क्रोम, बोल्टचा धक्का झेलणारा नवा बफर, सफाईचा संच आणि प्रशिक्षण.

थंडीची चाचणी हे वेगळंच प्रकरण. रायफल आणि काडतुसं रात्रभर एकत्र गोठवायची. थंडीत दाब कमी भरतो, तेल दाट होतं, बोल्ट पुरता मागे जात नाही. म्हणजे उन्हात जमवलेला गॅस इथे अपुरा. एकाच सेटिंगवर दोन्ही टोकं पार पडली तरच ते धरायचं. अचूकताही इथेच दगा देते. थंड हवा दाट असते, तिच्यात गोळी डगमगते. त्यामुळेच एम-१६ च्या सुरुवातीच्या बॅरलमधले, गोळीला फिरकी देऊन स्थिर ठेवणारे आटे १४ इंचांत एका फेऱ्याऐवजी १२ इंचांत एक असे करावे लागले.

आणि गोळीबाराच्या दोन फेऱ्यांच्या मध्ये रायफल उबदार खोलीत आणायची नाही. तिच्यावर दव धरतं, बाहेर नेल्यावर तेच फायरिंग पिनच्या वाटेत गोठतं, आणि आपण प्रायमरचा (पिनेच्या ठोक्याने दारू पेटवणाऱ्या टोपीचा) लॉट वाईट म्हणून दिवसभर शोधत बसतो. बाहेरच झाकून ठेवायची, आणि हातमोजे घालून साफ करायची.