फ्रिज, तुसाची टोपली आणि कोंबडा

दापोलीजवळच्या आमच्या घरी कोंबड्या पूर्वीपासून आहेत, पण अंडी साठवायची वेळ कधी आली नव्हती. दोन-चार गावठी कोंबड्या, त्यातली एखादी कायम खुडूक, म्हणजे अंडी घालायची थांबवून उबवायला बसलेली. मिळालेलं अंडं त्याच दिवशी तव्यावर जायचं. वनराजा जातीच्या तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या, आणल्या, हिवाळ्याच्या तोंडावर त्या सगळ्या एकदमच अंड्यावर आल्या आणि घरात वाद सुरू झाला. सासूबाई म्हणाल्या, "टोपलीत तूस घाल, निमुळतं टोक खाली करून खोचून ठेव. फ्रिज कशाला हवाय?" मला फ्रिजच बरा वाटत होता.

एका गोष्टीवर मात्र आमचं एकमत होतं: अंडं धुवायचं नाही. अंडं बाहेर येतं तेव्हा ओलसर असतं. तो ओलावा वाळून कवचावर एक पातळ पापुद्रा तयार होतो आणि कवचाची हजारो सूक्ष्म छिद्रं त्याने झाकली जातात. पाणी लागलं की हे झाकण जातं. अमेरिकेत दुकानातली अंडी धुतलेली असतात, म्हणून तिथे ती थंडच ठेवावी लागतात. युरोपात वरच्या प्रतीची अंडी न धुताच विकली जातात. आमच्याकडे विष्ठेचा डाग असला तर नारळाच्या सोडणाचा सुका काथ्या घेऊन हलक्या हाताने घासतो. त्याने निघत नसेल तर ते अंडं धुऊन लगेच वापरायचं, साठ्यात नाही. खुराड्यातलं गवत वेळच्या वेळी बदललं की अशी अंडी मुळातच कमी येतात.

थंडीत सासूबाईंच्या टोपलीला तोड नव्हती. माजघरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात अंडी दोन आठवडे आरामात राहिली. टोक खाली ठेवण्यालाही कारण आहे. हवेची पोकळी रुंद बाजूला असते. ती वर राहिली की बलक मधोमध राहतो, पोकळीकडे सरकून कवचाला चिकटत नाही.

खरा घोळ मार्चअखेरीस सुरू झाला, आणि त्याचं कारण कोंबडा. कळपात कोंबडा असला की बहुतेक अंडी फळलेली असतात. उबवणीला साडेसदतीस अंशांच्या आसपास ऊब लागते, पण गर्भाची थोडीफार हालचाल त्याच्या कितीतरी खाली, एकवीस अंशांच्या वर गेलं की सुरू होऊ शकते. आमच्या पत्र्याच्या पडवीत उन्हाळ्यात किती तापतं ते सांगायला नको. अंधारात अंड्यामागे टॉर्च धरून पाहिलं तर काहींमध्ये लालसर शिरांचं जाळं दिसायला लागलं होतं. कोंबडा वेगळा ठेवला तरी लगेच फरक पडत नाही, कारण कोंबडीच्या पोटात कोंबड्याचं बीज दोन आठवडे तरी टिकतं. पिल्लं नको असतील आणि अंडीच हवी असतील तर कोंबडा ठेवण्याची गरजच नाही, हे माझं मत. सासूबाईंना कोंबड्याशिवाय अंगण सुनं वाटतं.

त्यामुळे एप्रिलपासून सगळी अंडी फ्रिजमध्ये. दारातल्या खणात नाही, आत, झाकणाच्या डब्यात. कोकणातल्या फ्रिजात सुका जवळा आणि बोंबील असणारच, आणि अंडं छिद्रांतून वासही ओढून घेतं. तिथे महिनाभर बिनघोर टिकतं.

फ्रिजची अडचण कळली ती ३ जून २०२० ला. निसर्ग वादळ दिवेआगरजवळ किनाऱ्यावर आलं, आमच्याकडे खांब आडवे झाले आणि वीज कितीतरी दिवस नव्हती. गार अंडी दमट हवेत बाहेर आली की त्यांना घाम फुटतो, आणि त्या ओलाव्याबरोबर कवचावरचे जंतू छिद्रांतून आत शिरतात. म्हणून एकदा गार केलेलं अंडं पुन्हा बाहेर साठवायचं नाही. तेव्हा होती तेवढी आधी शेजारीपाजारी वाटली आणि उरलेल्यांचा रस्सा केला. त्यानंतर कोंबड्यांनी घातलेली अंडी मात्र थेट मडक्यात गेली. ओल्या वाळूवर मडकं, त्यात तूस, वर ओलं फडकं. वाळूतलं पाणी उडतं तसं मडकं गार राहतं. पावसाळी हवेत याचा उपयोग कमीच, पण रोज टॉर्च लावून पाहत चार-पाच दिवस निभावता येतात.

चुन्याचा प्रयोगही केला. किलोभर कळीचा चुना लिटरभर उकळत्या पाण्यात विरवायचा, निवल्यावर पाच लिटर पाणी आणि पाव किलो मीठ घालायचं, गाळून त्या पाण्यात ताजी, न धुतलेली अंडी सोळा-अठरा तास बुडवून मग वाळवायची. छिद्रं बुजतात आणि अंडी फ्रिजशिवाय तीन-चार आठवडे राहतात. पण विरताना चुना खदखदून उडतो, पोरं जवळ नकोतच. शिवाय अशी अंडी उकडताना तडकतात, कारण आतल्या हवेला बाहेर पडायला वाट नसते. रुंद टोकाला आधी सुईने टोचावं लागतं. वीज असलेल्या घरात एवढा खटाटोप कोण करणार?

आता प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने तारीख घालते. शंका आली तर पाण्याचं भांडं आहेच: ताजं अंडं तळाशी आडवं पडतं, जुनं उभं राहतं, तरंगणारं उकिरड्यावर जातं. उकडायला मात्र मी मुद्दाम आठ-दहा दिवसांची काढते. आजचं अंडं उकडलं तर सोलताना निम्मा पांढरा भाग टरफलाबरोबरच निघून येतो, आणि पाहुण्यांसमोर अशी खडबडीत अंडी ठेवायला सासूबाईंना आवडत नाही.