उघडताच पाच पानं

ब्राउझर उघडला की समोर कोरं पान यावं, असं मानणारी माणसं मी पाहिली आहेत. शिस्तीची असतात. जळगाव जिल्ह्यातल्या आमच्या चोपड्याच्या घरात मात्र हे निभणार नाही. इथे पाच पानं एकदम उघडतात: केळीचे भाव, हवामान खात्याचा अंदाज, सुरत-भुसावळ लाइनच्या गाड्या, वर्तमानपत्र आणि माझी ईमेल.

सोय तशी जुनीच. इंटरनेट एक्सप्लोररमध्ये २००६ साली टॅब आले, तेव्हा होमपेजच्या चौकटीत एकाखाली एक पत्ते लिहीत गेलं की झालं. फायरफॉक्समध्ये दोन पत्त्यांच्या मध्ये उभी रेघ मारायची. क्रोममध्ये ‘ऑन स्टार्टअप’ला जाऊन ठरावीक पानं उघडण्याचा पर्याय निवडायचा, हवी ती पानं आधीच उघडी असतील तर ‘यूज करंट पेजेस’ म्हटलं की सगळी एका दमात नोंदली जातात. तिथलं होम बटण मात्र वेगळं प्रकरण आहे, त्याला पत्ता एकच चालतो. मोबाईलवरच्या क्रोमचंही तसंच. म्हणून घरातला जुना डेस्कटॉप अजून भंगारात गेला नाही.

पानं निवडायची कशी, याचा माझा एकच निकष आहे. जे उद्या शिळं होतं, त्यालाच जागा. केळीचा भाव याचा बादशहा. कांदेबागेचा, म्हणजे पावसाळा संपता लावलेल्या बागेचा, भाव वेगळा, जुन्या खोडाच्या पिलांवर धरलेल्या पिलबागेचा वेगळा, आणि रावेर-बऱ्हाणपूरकडे काय चाललंय तेही बघावं लागतं. माल कापणीला आला की कापसासारखा घरात भरून ठेवता येत नाही, तेव्हा कालचा भाव आज कुणाच्या कामाचा? सातबारा या यादीत नाही. तो रोज बदलत नाही, आणि बदललाच तर ते काम ब्राउझरचं नाही, वकिलाचं. विजेचं बिलही महिन्यातून एकदाच रडवतं, त्याला बुकमार्क पुरे.

यादी ऋतूप्रमाणे थोडी हलते. पावसाळ्यात वर्तमानपत्राला बाजूला सारून हतनूर धरणाचं पान येतं. त्याच्या ४१ दरवाजांपैकी किती उघडलेत, यावर खाली तापीकाठच्या शेतांचा जीव टांगलेला असतो. गाड्यांचं पान बारमाही. निम्मा खानदेश पोटापाण्यासाठी सुरतेला, त्यात आमचा धाकटाही. चोपड्याला रेल्वे नाही, त्याला आणायला अमळनेर गाठावं लागतं. गाडी किती लेट आहे हे कळल्याशिवाय मोटरसायकल काढण्यात अर्थ नसतो.

एक तोटा आहे. नेट मंद असलं की पाचही पानं एकदमच आत घुसू पाहतात, स्टेशनवर पॅसेंजर लागल्यावर दारात होते तशी रेटारेटी, आणि मग कुणीच धड आत येत नाही. म्हणून पाचाच्या वर जाऊ नये असं माझं मत. ‘जिथे सोडलं तिथून पुढे’ हा पर्याय तर मला मुळीच पटत नाही. रात्री पुतण्याने क्रिकेटची वीस पानं उघडी टाकलेली असतात, ती सकाळी आपल्या डोक्यावर कशाला?

खरं भांडण पुढेच आहे, ते क्रमाचं. उघडतात पाच, पण डोळ्यांसमोर येतं पहिलंच. बाकीची मागे रांगेत. पहिली जागा नानांची, म्हणजे केळीच्या भावाच्या पानाची. त्यांना माउस धरायला आवडत नाही, खुर्चीत बसलं की आकडा समोर दिसला पाहिजे. वहिनीला तिथे हवामान हवं असतं, कारण गच्चीवर पापड आणि बिबड्या वाळत असतात. वैशाखात आमच्याकडे अंदाज तो कसला, ऊन आणि जास्त ऊन. पण वादळी पावसाची एक सर आली तरी गच्चीवर पापडांचा आणि बागेत केळीचा निकाल एकाच वेळी लागतो. तरी नाना जागा सोडत नाहीत.

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ताई माहेरी आली. चार दिवस इथूनच ऑफिसचं काम करणार होती, तेव्हा तिने आपलं लॉगिनचं पान यादीत घातलं, तेही सगळ्यात वर. दुसऱ्या दिवशी सकाळी नाना चहा घेऊन बसले, ब्राउझर उघडला आणि बराच वेळ त्या चौकटीकडे बघत राहिले. मग मला हाक मारली, “आते भाव इचाराले बी पासवर्ड लागस का रे?”