रिअल-टाइम पीसीआर: जीएपीडीएचने माझा महिना खाल्ला

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षातली गोष्ट. कॅन्सरच्या पेशी १ टक्का ऑक्सिजनमध्ये २४ तास ठेवायच्या आणि व्हीईजीएफ (नव्या रक्तवाहिन्या वाढवणाऱ्या प्रोटीनचा) जीन किती वाढतो ते रिअल-टाइम पीसीआरने, म्हणजे त्याचा आरएनए मोजून, बघायचं, एवढंच काम होतं. तुलनेसाठी न हलणारा समजला जाणारा संदर्भ जीन म्हणून जीएपीडीएच घेतलेला. एलायझा या प्रोटीन मोजायच्या चाचणीत प्रोटीन भरपूर वाढलेलं दिसायचं, पण पीसीआरमध्ये तीनही वेळा जेमतेम दुप्पट. मग मी पिपेट तपासून घेतलं, आरएनए परत काढला, प्रायमर नवे मागवले, मेल्ट कर्व्हला एकच पीक येत होता (म्हणजे एकच तुकडा वाढतोय), नो-आरटी कंट्रोलही साफ (म्हणजे डीएनएची भेसळ नाही), तरी आकडा हलेना, महिना गेला यात आणि खरंच रडू यायचं.

शेवटी लॅबमधल्या ताईने विचारलं, "अगं, जीएपीडीएचचे नुसते सीटी बघितलेस का?"

नव्हते बघितले. सीटी म्हणजे सिग्नल दिसायला लागलेल्या सायकल, आकडा जितका कमी तितका आरएनए जास्त, आणि एक सायकल म्हणजे दुप्पट. एक्सेलमध्ये सूत्र टाकलेलं, थेट डेल्टा-डेल्टा-सीटीच (संदर्भ जीनचा सीटी वजा करून काढलेला फरक) बघायचे मी. उघडून बघितलं तर साध्या हवेत १८.० आणि कमी ऑक्सिजनमध्ये १६.५, आणि आरएनए तर दोन्हीकडे १ मायक्रोग्रॅमच घेतलेला. दीड सायकल म्हणजे जवळपास २.८ पट! ऑक्सिजन कमी पडला की पेशी ग्लायकोलिसिसवर (ऑक्सिजनशिवाय ग्लुकोज तोडण्यावर) जास्त चालते, एचआयएफ-१ हे कमी ऑक्सिजनमध्ये जागं होणारं प्रोटीन त्या एन्झाइमचे जीन चढवतं आणि जीएपीडीएच त्यातलाच एक. माझा व्हीईजीएफ २६.० वरून २३.५ वर आलेला, म्हणजे अडीच सायकल, त्यातली दीड जीएपीडीएचने खाल्ली, उरली एक, म्हणून दुप्पट.

मग संदर्भासाठी सहा जीन घेतले, सगळ्यांचे स्टँडर्ड कर्व्ह काढले (उतार -३.३ च्या आसपास, म्हणजे दर सायकलला दुप्पट, असेल तरच ठेवायचा) आणि सगळ्यात स्थिर जीन शोधणाऱ्या जीनॉर्म प्रोग्रॅममध्ये टाकले. इथे एक सांभाळायचं, एकाच कामाचे दोन जीन सोबत वरखाली होतात आणि जीनॉर्मला ते स्थिर वाटतात, म्हणून रायबोसोमल प्रोटीनचा मी एकच घेतला. टीबीपी आणि आरपीएलपी० (रायबोसोमलवाला) सगळ्यात कमी हलले, व्ही २/३ (तिसरा जीन घेतल्याने किती फरक पडतो तो आकडा) सुद्धा ०.१५ च्या खाली, म्हणजे तिसऱ्याची गरज नाही. दोघांच्या सीटीची साधी सरासरी घेतली, कारण सीटी लॉगमध्येच असतात, त्यामुळे ती आपोआप भूमितीय सरासरी होते.

उणे २० मध्ये ठेवलेला जुनाच सीडीएनए (आरएनएवरून बनवलेला डीएनए) परत लावला. व्हीईजीएफ ५.७ पट!

पुढच्या महिन्यात याच पेशींना ग्लुकोज कमी करायचंय, तेव्हा सहाही जीन परत पहिल्यापासून तपासणार आहे, टीबीपीसुद्धा.