निशातगंजला, मजाजसाहेबांकडे

विविध भारतीवर तलत महमूदचं ‘ऐ गम-ए-दिल क्या करूँ’ लागलं की बाबा दाढी करता करता थांबायचे. गालावर साबण तसाच. ते शब्द उर्दू शायर मजाज लखनवींचे, हे मला फार उशिरा कळलं. म्हणून डिसेंबरात लखनौला गेले तेव्हा इमामबाडा दुसऱ्या दिवसावर टाकला आणि आधी निशातगंजचं कब्रस्तान गाठलं. रिक्षावाल्या चाचांना पत्ता सांगितला, तर म्हणाले, “मजाज साहब के यहाँ?” जणू ते घरीच भेटणार होते.

असरार-उल-हक मजाज १९११ मध्ये रुदौलीत जन्मले. अलीगढला शिकले आणि १९३५ मध्ये दिल्लीला सरकारी रेडिओत लागले. ‘आवाज’ या रेडिओच्या उर्दू पाक्षिकाचे ते पहिले संपादक. नोकरी जेमतेम वर्षभर टिकली. दिल्ली सोडताना त्यांनी शहराचा निरोप घेणारी नज्म, म्हणजे कविता, लिहिली, आणि १९३७ च्या सुमारास ‘आवारा’.

‘आवारा’ पूर्ण वाचायलाच हवी. झगमगत्या शहरात रात्रभर भटकणारा बेकार तरुण. महालाआडून वर आलेला पिवळा चंद्र त्याला मुल्लाच्या फेट्यासारखा दिसतो, वाण्याच्या चोपडीसारखा दिसतो! उर्दू शायरीत चंद्राला असं आजवर कुणी पाहिलं असेल?

तिचीच काही कडवी १९५३ च्या ‘ठोकर’ सिनेमात सरदार मलिकांच्या चालीवर तलत गायला; तेच ‘ऐ गम-ए-दिल’. तलतही लखनौचाच, आणि त्याच्या गाण्याची सुरुवात १९३९ मध्ये इथल्याच रेडिओ केंद्रावर झालेली. मजाजनी रेडिओ कधीच सोडला होता. रेडिओनं मात्र त्यांना आमच्या स्वयंपाकघरापर्यंत आणलं.

१९५५ च्या डिसेंबरात, कडाक्याच्या थंडीत, लालबागमधल्या दारूच्या गुत्त्याच्या गच्चीवर सोबती त्यांना एकटं सोडून निघून गेले. सकाळी ते बेशुद्ध सापडले. ५ डिसेंबरला गेले. वय ४४. हे मला अजूनही सहन होत नाही.

कबरीवर त्यांचाच शेर कोरलाय. उर्दू लिपी मी अजून शिकतेच आहे. बोट फिरवत एकेक अक्षर जुळवलं.

अब इसके बाद सुब्ह है और सुब्ह-ए-नौ मजाज
हम पर है खत्म शाम-ए-गरीबान-ए-लखनऊ

यापुढे सकाळ आहे, नवी सकाळ; लखनौच्या बेघर-परक्यांची संध्याकाळ आमच्यापाशी संपली.

बाबांना फोन लावला आणि वाचून दाखवलं. ते काही वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, “थंडी फार आहे का गं तिथे?”