मावशींना तारे किती?

पुण्याच्या हिंजवडी-वाकड या आयटी कंपन्यांच्या भागातील बहुतेक मोठ्या गृहसंकुलांत रखवालदाराच्या वहीची जागा आता अ‍ॅपने घेतली आहे. दाराशी कोण आले आहे हे घरबसल्या कळते, आणि एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांना त्याचा खरोखरच आधार वाटतो. त्याविषयी माझी काही तक्रार नाही. माझा आक्षेप आहे तो याच अ‍ॅपवर घरकाम करणाऱ्या बायकांची जी कुंडली मांडली जाते, तिला.

आमच्याकडे कोणीही रहिवाशाने ‘स्वयंपाक’ किंवा ‘धुणीभांडी’ या सदरावर बोट ठेवले की त्या बाईचे छायाचित्र, ती या क्षणी आवारात आहे की नाही, कोणकोणत्या फ्लॅटमध्ये कामाला जाते आणि तिला पाचपैकी किती तारे मिळाले, हे सारे समोर येते. तारे म्हणे वक्तशीरपणाचे आणि कामाच्या दर्जाचे. पण गेटवर नोंद होते ती फक्त आत शिरल्याची वेळ. सर्व्हिस लिफ्ट बंद असल्यामुळे ती जिने चढून आली, किंवा आधीच्या घरी पाहुण्यांमुळे भांड्यांचा ढीग पडला होता, हे त्यात कुठेच येत नाही. हाताला चव असणे, तान्ह्या मुलाला लळा लावणे, याला रकानाच नाही. पगारवाढ मागितली म्हणून रागाने दिलेला एक तारा मात्र पुढच्या प्रत्येक घरी तिच्या आधी पोहोचतो. गंमत म्हणजे कंपनीतल्या बेल कर्व्हवर, म्हणजे ठरावीक टक्क्यांनाच चांगली श्रेणी देणाऱ्या मूल्यमापनावर, आणि कार्ड स्वाइप करून मोजल्या जाणाऱ्या तासांवर तावातावाने बोलणारी माणसे हीच. मालकिणींना तारे देण्याची सोय मावशींना नाही. ती असती, तर पगार कोण थकवते आणि दिवाळीचा बोनस कोण टाळते याच्या यादीने वार्षिक सभा चांगलीच गाजली असती.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल एकमताने दिला. डिजिटल वैयक्तिक माहितीविषयीच्या २०२३ च्या कायद्यानुसार संमती मोकळेपणाने आणि समजून-उमजून दिलेली असावी लागते, आणि तिच्यासोबतची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषांत, म्हणजे मराठीतही, मिळण्याची सोय असावी लागते. ‘फोटो दिला नाहीस तर उद्यापासून आत सोडणार नाही,’ असे सांगून मिळवलेल्या होकाराला संमती कसे म्हणायचे?

सुरक्षिततेसाठी पोलीस पडताळणी जरूर करावी. परंतु त्या निमित्ताने घेतलेल्या आधारच्या झेरॉक्स सोसायटीच्या ऑफिसात उघड्या फाइलमध्ये पडून राहाव्यात, याला सुरक्षितता म्हणता येत नाही. केवळ शेवटचे चार अंक दाखवणारे ‘मास्क्ड आधार’ आधार देणाऱ्या यूआयडीएआय या प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून, आधारला मोबाइल जोडलेला असेल तर, आपले आपल्याला उतरवून घेता येते, आणि गेटवरच्या ओळखीपुरते ते पुरेसे आहे. आमच्या कमिटीने एवढे तरी मान्य केले असून जुन्या झेरॉक्स परत द्यायला सुरुवात झाली आहे. तारे मात्र कायम आहेत, कारण नव्याने राहायला येणाऱ्या भाडेकरूंना त्यांचा ‘फार उपयोग होतो’ असे सेक्रेटरींचे म्हणणे आहे.