घाटातला तिसरा गिअर: तरुणाने पहिली जुनी गाडी कशी निवडावी

साडेचार-पाच लाखांत जुनी गाडी शोधणाऱ्या तरुणाला सर्वांत आधी भुरळ पडते ती अश्वशक्तीच्या आकड्याची. माझ्या भाच्याचेही तसेच झाले. हिंजवडीत नोकरी लागल्यावर त्याने जी यादी केली, तिच्या शिरोभागी फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय होती आणि मारुतीची स्विफ्ट ‘सगळ्यांकडेच असते’ या एका कारणावरून यादीबाहेर गेली होती. मी त्याला आकडेमोड करायला सांगितली. सुरुवातीच्या वर्षांतल्या १.२ लिटरच्या जीटी टीएसआयची शक्ती १०५ पीएस (पीएस म्हणजे जवळपास अश्वशक्तीच) आणि वजन ११०० किलोंच्या आसपास; २०१८ च्या पेट्रोल स्विफ्टची शक्ती ८३ पीएस आणि वजन ९०० किलोंच्या आत. टनामागे शक्ती काढली तर दोन्ही गाड्या ९५ च्या आसपास येतात. टर्बोमुळे पोलोचा टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, (१७५ न्यूटन मीटर) स्विफ्टच्या ११३ पेक्षा बराच जास्त आहे आणि द्रुतगती मार्गावर ओव्हरटेक करताना तो फरक स्पष्ट जाणवतो, हे मला मान्य आहे. पण वळणावर, ब्रेक दाबताना आणि टायर झिजताना हिशेब वजनाचाच होतो.

आपल्याकडच्या छोट्या गाड्या कागदावर इतक्या सारख्या का दिसतात, यालाही कारण आहे. चार मीटरपेक्षा कमी लांबी आणि पेट्रोल असल्यास १२०० सीसी, डिझेल असल्यास १५०० सीसीपर्यंतचे इंजिन, अशा गाडीला २००६ च्या अर्थसंकल्पापासून कमी कर लागू झाला आणि कंपन्यांनी आपली इंजिने त्या चौकटीत बसवली. त्यामुळे या वर्गात इंजिनाच्या आकाराने फारसा भेद उरत नाही. उरतो तो वजन, गिअरबॉक्स, सस्पेन्शन आणि स्टीअरिंग यांचा. चालवण्याची मजाही नेमकी याच चार गोष्टींत असते, आणि विक्रीच्या जाहिरातीत यांतल्या एकीचाही उल्लेख नसतो.

मजा म्हणजे काय, हे समजायचे असेल तर ताम्हिणी किंवा वाईहून पाचगणीला चढणारा पसरणी घाट पुरेसा आहे. तिथे वेग ५०-६० च्या वर नेण्याचा प्रश्नच नसतो. तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन वरच्या फेऱ्यांवर ठेवायचे, वळणाआधी ब्रेक संपवून दुसरा गिअर टाकायचा आणि गाडी वळणातून बाहेर पडताना पुढची चाके काय करत आहेत ते हातांना कळायचे. हलकी गाडी हे सारे कायद्याच्या वेगात करू देते. दीडशे अश्वशक्तीची गाडी त्याच रस्त्यावर अर्ध्या ताकदीनेही चालवता येत नाही, आणि जिथे ती पूर्ण ताकदीने चालते तिथे वीस-बावीस वर्षांच्या मुलाने असू नये, असे माझे मत आहे. मावशी म्हणून नव्हे, चालक म्हणून.

गंमत म्हणजे, चालवायला सरस ठरलेल्या दोन गाड्या पुणे जिल्ह्यातच तयार झाल्या. फियाटची पुन्टो रांजणगावला आणि पोलो चाकणला. पुन्टोचे हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे, स्टीअरिंग आजही हातात घेतले की नवीन गाड्यांचे विजेवर चालणारे स्टीअरिंग खेळण्यातले वाटते; खराब रस्त्यावर तिचे सस्पेन्शन ज्या निवांतपणे खड्डे गिळते, त्याला या किमतीत तोड नाही. पण गाडी जड आहे, १.३ लिटरचे मल्टीजेट डिझेल इंजिन मिनिटाला सुमारे २००० फेऱ्यांच्या खाली सुस्त असते आणि कंपनीने छोट्या गाड्यांचा व्यवसाय इथून केव्हाच आवरता घेतला आहे. इंजिनाचे भाग मिळतात, कारण हेच मूळ फियाटचे इंजिन स्विफ्ट आणि टाटांच्या गाड्यांतही होते. दरवाज्याचे हँडल, हेडलाइट, आतले प्लास्टिक यांसाठी मात्र भंगार बाजाराच्या फेऱ्या होतात. ज्याला असे शोधकाम आवडते आणि ज्याच्या ओळखीत जुना फियाटवाला मेकॅनिक आहे, त्याने ती जरूर घ्यावी. ऑफिसला रोज वेळेवर पोहोचायचे असणाऱ्याने घेऊ नये.

फोर्ड फिगोचे २०१५ चे मॉडेल, १.५ लिटर डिझेल, १०० पीएस आणि २१५ न्यूटन मीटर, हा या वर्गातला खरा खोडकर पर्याय. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातले उत्पादन थांबवण्याची घोषणा केली, तेव्हापासून तिच्याकडे बघताना लोक दचकतात आणि त्यामुळेच ती सौद्यात हाती लागू शकते. डिझेल घ्यायचे तर रोजचे अंतर तेवढे असायला हवे. फक्त शहरातल्या चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्यांसाठी डिझेल कुणालाच परवडत नाही.

पोलो जीटी टीएसआयचा प्रश्न वेगळा आहे. १.२ टीएसआय फक्त सात गिअरांच्या डीएसजी स्वयंचलित गिअरबॉक्ससह मिळत असे. हा गिअरबॉक्स कोरड्या क्लचचा आहे, पुण्याच्या रेंगाळत्या वाहतुकीत तो तापतो, आणि त्यातला मेकॅट्रॉनिक, म्हणजे गिअर आपोआप बदलणारा, भाग गेला तर बिल लाखाच्या घरात जाऊ शकते. जिने पहिल्या मालकाला सर्व सुख दिले, तिच्या दुखण्याचा खर्च दुसऱ्या मालकाने करावा, असा हा सौदा असतो. १.२ लिटरची साधी पेट्रोल पोलो हा त्यावरचा उपाय नाही. तीन सिलिंडरचे ७५ पीएसचे इंजिन त्या भक्कम सांगाड्याला ओढताना दमते. एक गोष्ट मात्र पोलोच्या बाजूने मान्य करायला हवी: २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या संस्थेच्या तेव्हाच्या धडक-चाचणीत दोन एअरबॅगच्या पोलोला चार तारे मिळाले होते, तर २०१८ च्या स्विफ्टला दोनच. ज्याचे निम्मे प्रवास मुंबई-बंगळुरू महामार्गावर होणार आहेत, त्याने हा फरक घाटातल्या मजेपेक्षा वर ठेवावा.

भाच्याचे प्रवास तसे नव्हते. म्हणून माझा कौल २०१८ नंतरच्या स्विफ्टला, पेट्रोल आणि हाताच्या गिअरच्या. त्या पिढीपासून दोन एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) सर्व प्रकारांत आले. त्याआधीची गाडी घेताना कोणत्या प्रकारात काय आहे, हे तपासावे लागते. स्टीअरिंग वळणानंतर पुरेसे स्वतःहून सरळ होत नाही, ही तिची जुनी तक्रार खरी आहे. पण गिअर कसा पडतो ते पाहावे, वळणावर गाडी कशी झेप घेते ते पाहावे. शिवाय सुटा भाग शहराच्या कुठल्याही पेठेत मिळतो, ही सोय आहेच.

गाडी ठरवणे सोपे, नेमकी कोणती ठरवणे अवघड. मीटर मागे घेतलेल्या गाड्या इतक्या सर्रास आहेत की आकड्याकडे बघण्यापेक्षा क्लच पेडलचे रबर, स्टीअरिंगचे आवरण आणि चालकाच्या आसनाची कड पाहावी. चाळीस हजार किलोमीटरला ती झिजत नाहीत. सर्व्हिसचा इतिहास अधिकृत केंद्रातून मागावा. इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहावे. विक्रेत्याने आधीच गरम करून ठेवले असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा यावे. खराब रस्त्यावर पुढून ‘कट-कट’ आवाज आला तर सस्पेन्शनमधले लिंक रॉड किंवा लोअर आर्मचे बुश (रबराचे तुकडे) गेले आहेत, ते स्वस्तात होते. बॉनेटच्या आतल्या बोल्टवर पान्याच्या खुणा आणि सांध्यांत नवा रंग दिसला तर गाडी जोरात धडकलेली असण्याची शक्यता आहे, ते स्वस्तात होत नाही.

महाराष्ट्रात आणखी एक तपासणी हवी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूणला पूर आला, तेव्हा पाण्याखाली गेलेल्या कितीतरी गाड्या धुऊन-पुसून दुसऱ्या शहरांत विकायला आल्या असणार. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढून पाहावा. पट्ट्यावर मातीची रेघ किंवा कुबट वास असेल तर पुढे बोलणी करू नयेत. सीटच्या रुळांखालचा गंज आणि डिकीतल्या स्टेपनीच्या खड्ड्यातला गाळही हेच सांगतो.

दिल्लीची स्वस्त गाडी हा दुसरा सापळा. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध घातले गेले, तेव्हापासून तिथल्या जुन्या गाड्या एनओसी (ना-हरकत दाखला) घेऊन इतर राज्यांत येऊ लागल्या. किंमत पाहून मन पाघळते, पण इथे नव्याने नोंदणी, महाराष्ट्राचा रस्ता कर (रोड टॅक्स) आणि आरटीओच्या चकरा जोडल्या की बचत विरघळते. एमएच-१२ किंवा एमएच-१४ ची, म्हणजे पुणे-पिंपरी-चिंचवडची, पहिल्या मालकाची, आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) बँकेचा बोजा नसलेली गाडी थोडी महाग पडली तरी घ्यावी. बोजा असेल तर तो उतरवण्याचा फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी हाती आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वरच्या सह्या, थकलेले ई-चलान आणि विमा यांचा निकालही पैसे देण्याआधीच लावावा.

विम्याच्या बाबतीत आपल्याकडचा तरुण एका दृष्टीने भाग्यवान आहे: ब्रिटन-अमेरिकेप्रमाणे इथे केवळ वय कमी म्हणून हप्ता दुप्पट होत नाही, तो गाडीच्या किमतीवर, इंजिनावर आणि शहरावर ठरतो. नो क्लेम बोनस मात्र गाडीचा नसून जुन्या मालकाचा असतो, तो तुम्हाला मिळत नाही, म्हणून पहिल्या वर्षीचा आकडा विक्रेत्याच्या पॉलिसीवरून धरू नये. आणि ‘रीमॅप केलेली’, म्हणजे ताकद वाढवण्यासाठी इंजिनाच्या संगणकाची मांडणी बदललेली, मोठी चाके बसवलेली गाडी तर नकोच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मूळ रचनेत असे बदल करता येत नाहीत, सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत हे पुन्हा स्पष्ट केले, आणि अपघातानंतर विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारते.

शेवटी पैशांचे. साडेचार लाख हातात असतील तर गाडी चारच्या आतली बघावी, आणि उरलेल्यातून आधी टायर घ्यावेत. टायरच्या बाजूवर चार अंक असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांपेक्षा जुने रबर नक्षी शिल्लक असली तरी कडक झालेले असते आणि पावसात घाटात घसरते. त्यानंतर ब्रेक ऑइल, सस्पेन्शनचे बुश आणि चाकांचे अलाइनमेंट. म्युझिक सिस्टिमची चौकशी भाच्याने त्या दरम्यान सुरू केली होती. ती दिवाळीच्या बोनसवर ढकलली आहे.