येते की येतो

माझ्या डोंबिवलीच्या आत्याची अजूनही समजूत आहे की मी रोज सकाळी पांढरा विग चढवून लंडनच्या कोर्टात गर्जना करायला जाते. बॅरिस्टर म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढे नाथ पै येतात. तिला वाईट वाटू नये म्हणून मी फार खुलासा करत नाही, पण माझा विग वर्षातून फार तर दहा-पंधरा वेळा डब्याबाहेर येतो.

माझं काम पब्लिक लॉ, मानवी हक्क आणि शिक्षण या तीन खात्यांतलं. सोपं करून सांगायचं तर, सरकारनं किंवा कौन्सिलनं (म्हणजे इथल्या नगरपालिकेनं) कायद्यानं जे करायला हवं होतं ते केलं नाही, की कागद माझ्या टेबलावर येतात. कधी ते स्ट्रँडवरच्या हायकोर्टात जातात. जास्त वेळा जातात विशेष शैक्षणिक गरजा असलेल्या मुलांच्या ट्रायब्युनलमध्ये. तिथं विग नाही, गाऊन नाही, आणि 2020 नंतर बहुतेकदा खोलीसुद्धा नाही. लॅपटॉपवरचे पाच-सहा चौकोन हेच कोर्ट. कौन्सिलं ही अपिलं मोठ्या संख्येनं हरतात. निकालापर्यंत गेलेल्या दहा प्रकरणांतली नऊहून अधिक पालकांच्या बाजूनं लागतात. तरी ती लढवली जातातच. कारण सहा महिने पुढे ढकललेला खर्च हा या वर्षाच्या बजेटात न झालेला खर्च असतो. (हे माझं मत. कौन्सिलचा वकील वेगळं सांगेल.)

ही गोष्ट एका नोव्हेंबरमधल्या मंगळवारची. मूल ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील बदललेत.

मुलगा सहा वर्षांचा, पहिलीत. आई-वडील सांगलीकडचे, वडील आयटीत. तो चार वर्षांचा असताना ते लंडनच्या पश्चिमेला राहायला आले. शाळेत तो जवळजवळ बोलतच नव्हता. कुणी हात लावला की टेबलाखाली जायचा, आणि हात वाळवायच्या मशीनचा आवाज झाला की कान दाबून किंचाळायचा. आईनं कौन्सिलकडे अर्ज केला, की याची नीट तपासणी करा. कौन्सिलला सहा आठवड्यांत उत्तर द्यावं लागतं, तसं ते आलं: नकार. कारण, मुलाच्या घरी मराठी बोलतात. इंग्रजी त्याची दुसरी भाषा आहे. वेळ द्या, येईल.

या कारणामागे एक कलम आहे, आणि ते कलम मला मनापासून आवडतं, म्हणून त्याचा असा उपयोग झाला की जास्त चीड येते. साठ-सत्तरच्या दशकात वेस्ट इंडीजहून आलेल्या कुटुंबांची मुलं इथल्या मतिमंदांच्या शाळांत फार मोठ्या प्रमाणात पाठवली जात. बर्नार्ड कोर्ड या ग्रेनाडाच्या शिक्षकानं 1971 मध्ये त्यावर एक पुस्तिका लिहून खळबळ उडवली होती. मूल ज्या तऱ्हेनं बोलतं ती शाळेच्या इंग्रजीपेक्षा वेगळी, एवढ्यावर त्याला मंद ठरवू नये हे पुढे कायद्यात आलं. 1981 च्या शिक्षण कायद्यात ते होतं, आणि आज 2014 च्या चिल्ड्रन अँड फॅमिलीज ॲक्टच्या कलम 20 मध्ये आहे. घरची भाषा शाळेच्या भाषेहून वेगळी आहे, ‘केवळ’ एवढ्यावरून मुलाला शिकण्याची अडचण आहे असं धरता येत नाही. परक्या घरातल्या मुलाला शिक्का बसू नये म्हणून दाराला लावलेली ही कडी. आता तीच आतून लावून घेतली होती.

ट्रायब्युनलमध्ये उभं राहायला वकील मिळावा म्हणून लीगल एड, म्हणजे सरकारी मदत, सहसा मिळत नाही. हे प्रकरण माझ्याकडे विनामूल्य काम लावून देणाऱ्या संस्थेमार्फत आलं. एरवी अशील आणि बॅरिस्टर यांच्यामध्ये असणारा सॉलिसिटर नव्हता, म्हणजे आईशी थेट मीच बोलत होते. पहिल्या ईमेलमध्ये त्यांनी मला ‘रिस्पेक्टेड मॅडम’ लिहिलं. मी मराठीत उत्तर दिलं, तेव्हापासून मी ‘ताई’ झाले. पण कामाचं सगळं आम्ही इंग्रजीतच केलं, कारण प्रकरणाच्या कागदांचं 214 पानांचं बंडल इंग्रजीत होतं. बारा वर्षांची असताना माझी डोंबिवली सुटली. मराठी उरली ती घरात आणि आत्याच्या फोनवर. कोर्टात तिचा उपयोग होईल असं वीस वर्षांत कधी वाटलं नव्हतं, आणि त्यातूनच माझी चूक झाली. सुनावणीच्या आठवडाभर आधी त्यांनी विचारलं होतं, तो घरी कसा बोलतो त्याचे व्हिडिओ आहेत, पाठवू का? मी म्हटलं, पुरावा द्यायची मुदत संपली आहे आणि मराठीतल्या व्हिडिओला भाषांतर जोडावं लागेल, राहू दे. बघितलेसुद्धा नाहीत.

साडेनऊला मी त्यांना फोन केला. आवाज कापत होता. मुलाला ताप होता, तो घरीच, त्यांच्या मांडीवर. त्या परत परत विचारत होत्या, मी चुकीचं बोलले तर? मी म्हटलं, “घाबरू नका, मी आहे.” मग आणखी दोनदा म्हटलं. त्यांना इंग्रजी येतं, पण त्यांनी दुभाषी मागितला होता. कारण त्यांच्याच शब्दांत, “रडू आलं की माझं इंग्रजी पळतं.”

दहा वाजता चौकोन उघडले. न्यायाधीशबाई, त्यांच्याबरोबर एक तज्ज्ञ सदस्य, ज्यांची उभी हयात शाळाशाळांतून मुलं तपासण्यात गेलेली. कौन्सिलचा एक तरुण, नम्र अधिकारी. शाळेतल्या विशेष गरजांचं काम बघणारी शिक्षिका. आणि दुभाषी, आवाजावरून साठीचे, स्वच्छ पुणेरी मराठी. अशी अपिलं बहुधा कागदांवरच निकालात निघतात. आईला ऐकून घ्या म्हणून आम्ही सुनावणी मागितली होती.

शिक्षिकेची साक्ष आमच्या फायद्याची नव्हती, पण प्रामाणिक होती. नवीन भाषेत आलेली मुलं काही महिने गप्प राहतात, हे खरंच आहे, मीही राहिले होते. मग न्यायाधीशबाईंनी आईला साधा प्रश्न विचारला. घरी, मराठीत, तो कसा बोलतो?

आई म्हणाल्या, “बोलतो की, पुष्कळ बोलतो. पण माझंच बोलणं मला परत देतो. तहान लागली की ‘तुला पाणी पाहिजे का’ म्हणतो. माझ्यामागं यायचं असलं की ‘थांब, मी येते’ म्हणतो.”

दुभाष्यांनी इंग्रजीत सांगितलं ते असं: हो, तो भरपूर बोलतो. मला उलट उत्तरं देतो. मला पाणी हवं आहे का असं विचारतो. थांब, मी येतोय, असं म्हणतो.

तज्ज्ञ सदस्य चक्क हसले. किती गोड मुलगा, आईला पाणी विचारतो! कौन्सिलच्या अधिकाऱ्यानं मान खाली घालून भराभर लिहून घेतलं. त्यानं काय लिहिलं असेल ते मला वाचता येत होतं: मराठीत पूर्ण वाक्यं, प्रश्न, संवाद. म्हणजे अडचण फक्त इंग्रजीची.

मी म्यूट होते, ते बरंच झालं.

दुभाष्यांना दोष देण्यात अर्थ नव्हता. एक ‘परत देतो’ सोडलं तर त्यांचं प्रत्येक वाक्य बरोबर होतं. ‘मी येते’ला इंग्रजीत दुसरं काय म्हणणार? मुलगा येवो की मुलगी, इंग्रजी क्रियापद ढिम्म हलत नाही. पण तिथं बसलेल्यांपैकी फक्त आम्हा तिघांना ऐकू आलं होतं की सहा वर्षांचा मुलगा स्वतःबद्दल ‘येते’ म्हणतो आहे.

आणि मला ते सांगता येत नव्हतं. वकिलानं साक्ष द्यायची नसते. शपथ दुभाष्यांनी घेतली होती, मी नाही. “थांबा, मला मराठी येतं, याचा खरा अर्थ असा” म्हणाले असते तर पुढच्या मिनिटाला कौन्सिलनं आक्षेप घेतला असता, आणि तो योग्यच असता. मी एवढंच म्हटलं, की मला ही भाषा येते हे नोंदवून ठेवते, भाषांतराबद्दल स्वतः काही सांगणार नाही, पण काही प्रश्न विचारायची परवानगी हवी. न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाल्या, विचारा.

मी इंग्रजीत विचारलं, दुभाष्यांनी मराठीत. “तो ‘तुला पाणी पाहिजे का’ म्हणतो, त्यानंतर पाणी कोण पितं?”

“तोच पितो. त्यालाच हवं असतं. मी रोज त्याला तसं विचारते ना.”

तज्ज्ञ सदस्यांचं हसू ओसरलं. त्यांनी पेन उचललं.

“तुमच्या घरात ‘येते’ असं कोण म्हणतं?”

“मी. नाहीतर सासूबाई, व्हिडिओ कॉलवर.”

“आणि तुमचे पती?”

“ते ‘येतो’ म्हणतात.”

इथं दुभाषी अडकले. कारण इंग्रजीत दोन्ही उत्तरं एकच झाली आणि माझा प्रश्न वेड्यासारखा दिसायला लागला. ते दोन-तीन सेकंद गप्प राहिले, मग म्हणाले, न्यायाधीशमहाराज, मला एक खुलासा करायचा आहे. आणि त्यांनी इतकं सुरेख समजावलं की मला जमलं नसतं. या भाषेत बोलणारा पुरुष आहे की बाई हे क्रियापदातच कळतं. हा मुलगा आईचा शब्द जसाच्या तसा उचलतो आहे. आणि मघाशी मी ‘उलट उत्तरं देतो’ म्हणालो ते चुकलं, आईचा अर्थ ‘प्रतिध्वनीसारखं परत म्हणतो’ असा होता, क्षमस्व.

अधिकाऱ्यानं हरकत घेतली, की लहान मुलगे आईचं ऐकून असं बोलतातच. खरं आहे, माझा भाऊही बोलायचा, पण अडीच-तीन वर्षांचा असताना. तज्ज्ञ सदस्यांनी त्याला थांबवलं आणि आईला थेट विचारलं, तो पुरुषाचा शब्द कधी वापरतो का?

आईंनी जरा आठवून सांगितलं, “हो. शाळेत जाताना ‘येतो गं’ म्हणतो. हे ऑफिसला निघताना मला म्हणतात, तसं. त्यांच्यासारखाच आवाज काढतो.” मग थोडं थांबून, “पण हेच त्याला शाळेत सोडायला गेले, तर त्यांनाही ‘येतो गं’च म्हणतो.”

मला हसू आणि हुंदका एकदमच आला. बापाला ‘गं’! मराठी माणसाला यापुढे कुठला तज्ज्ञांचा अहवाल लागणार नाही. पण त्या चौकोनांत ते पोचवायचं होतं. बिचाऱ्या दुभाष्यांना आधी हे सांगावं लागलं की मराठी माणूस निघताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. न्यायाधीशबाईंनी विचारलं, म्हणजे तो येतोय की जातोय? जातोय, दुभाषी म्हणाले, पण तसं म्हणणं अशुभ असतं. मग ‘गं’ची पाळी आली. त्या एका अनुस्वाराला साडेचार मिनिटं लागली. मी घड्याळ बघत होते.

पुढचा युक्तिवाद लांबवण्यात अर्थ नव्हता. कलम 36 प्रमाणे या टप्प्यावर सिद्ध फारसं काही करायचंच नसतं. मुलाला विशेष गरजा ‘असू शकतात’ का, आणि त्यासाठी कायदेशीर योजना (मुलाला काय मदत द्यायची हे कौन्सिलवर बांधून टाकणारा कागद) ‘लागू शकते’ का, एवढंच. 2016 च्या केंब्रिजशायर प्रकरणात अपर ट्रायब्युनलनं, म्हणजे आमच्या वरच्या ट्रायब्युनलनं, सांगितलंय की हा अंदाजाचा टप्पा आहे, अंतिम निदानाचा नव्हे. मी म्हटलं, कौन्सिलनं ‘केवळ’ या शब्दावर बोट ठेवलं, मीही तिथंच ठेवते. अडचण केवळ इंग्रजीची असती, तर ती मराठीत दिसली नसती. बसले. म्हणजे बसलेलीच होते, गप्प झाले.

उठण्याआधी तज्ज्ञ सदस्यांनी आईला आणखी एक विचारलं. शाळेच्या एका नोंदीत होतं, की पालकांना घरी फक्त इंग्रजी बोलायला सांगितलं आहे. तुम्ही तसं करता का? आई म्हणाल्या, चार महिने प्रयत्न करतोय. सासूबाईंचे कॉलही कमी केले, त्यांना इंग्रजी येत नाही. त्यावर ते म्हणाले, हे आमच्या निकालात येणार नाही, पण कृपा करून त्याच्याशी तुमच्या भाषेत बोला. आईंना ते इंग्रजीतच समजलं होतं, चेहऱ्यावर दिसलं. तरी दुभाष्यांचं मराठी वाक्य संपेपर्यंत त्या थांबल्या.

निकाल नऊ दिवसांनी आला. अपील मान्य, कौन्सिलनं तपासणी करावी. सहा पानं. त्यात ‘येते’ आणि ‘येतो’ हे दोन्ही शब्द रोमन अक्षरांत, तिरप्या टायपात. एवढं झालं म्हणजे फार काही झालं असं नाही. योजना द्यायचीच असं त्यात नाही, स्पीच थेरपीचा एक ताससुद्धा नाही. शिवाय मराठी येणारी थेरपिस्ट कुठून आणायची हा प्रश्न कौन्सिलनं दुसऱ्याच दिवशी ईमेलनं मला विचारला, जणू मी डोंबिवलीहून पाठवणार आहे.

आईंनी आभाराचा फोन केला तेव्हा मागं त्याचा आवाज येत होता. काहीतरी एका लयीत, पुन्हा पुन्हा. मी विचारलं, काय म्हणतोय?

त्यांनी फोन त्याच्या जवळ नेला. “घाबरू नका, मी आहे. घाबरू नका, मी आहे.” ‘नका’वर माझा हेल होता, मला ऐकू आला.

“त्या दिवसापासून धरलंय,” आई म्हणाल्या. “मिक्सर लावला की कान दाबून हेच म्हणतो. आता खाली चटणी चाललीय.”

मी त्यांना म्हटलं, हे लिहून ठेवा, तारखेसकट. आणि व्हिडिओ पाठवा, सगळे.